रिलेशनचा रकाना

काही शब्द पाहुण्यासारखे येतात आणि घरातलेच होऊन बसतात. मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "तुझं ते रिलेशन सांग गं!" मग एकातून दुसरा किस्सा निघतो. त्या हसतात, मीही हसते. पण सांगताना माझी नजर वर होत नाही.

लढाईच्या दिवसांत मी साताऱ्यात एका कचेरीत फॉर्म भरून द्यायचे. घरचा माणूस फौजेत आहे, पत्र नाही, ठावठिकाणा हवाय, की भरा फॉर्म. त्यात एक रकाना असायचा, 'रिलेशन'. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे तो शब्द फार ऐटीत उच्चारायचे!

*

आष्ट्याच्या सासू-सुना आल्या. शिपायाचं नाव विचारलं. सून नवऱ्याचं नाव कसं घेणार? सासू म्हणाली, "बाळू." मी लिहिलं बाळू. दोन महिन्यांनी कागद परत, असा कोणी शिपाईच नाही! तो होता ज्ञानदेव.

"अगं, मग त्या दिवशी गप्प का बसलीस?" मी सुनेवर चिडले.

"मला लिवता येतंय, बाई. तुमी पेन्सील कुठं दिली?"

*

एक म्हातारा शेतकरी शेजारच्या तरण्या शिपायाची चौकशी करायला आला. त्या शिपायाला दुसरं कोणी नव्हतं. "रिलेशन?" मी विचारलं.

"पैरा हाय आमचा. त्याचा एक बैल, माझा एक. जोडीनं पेरतो."

मी 'मित्र' लिहिलं.

"ते खोडा! मित्राशी भांडता येतं. पैऱ्याशी भांडलं तर रान पडीक ऱ्हातंय."

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. 'रिलेशन नाही' हे म्हाताऱ्याला मीच समजावलं, अगदी गोड आवाजात.

*

हेडक्लार्कचे मेहुणे रांग सोडून थेट आत. "हे आपले रिलेशन," हेडक्लार्क म्हणाले.

रांगेतून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "बघ रं गड्या! आमचं रिलेशन लढाईवर, ह्यांचं कचेरीत!"

सगळे खो खो हसले. मी मान खाली घालून मेहुण्यांचा फॉर्म आधी भरला.

*

दोघी एकदम आल्या. दोघींचं रिलेशन एकच, बायको!

"नाव एकीचंच लिहिता येतं. खरी कोण?" मी विचारलं. हो, असंच विचारलं.

थोरली म्हणाली, "धाकलीचं लिवा. मला वाट बघायची सवय हाय."

*

माझं लग्न सांगलीत ठरलं, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मुलाकडचे मला बघायला येणार म्हणून माधवनगरहून आत्या आली. आईमागे तिनेच मला वाढवलं. मला मॅट्रिक करायचा हट्टही तिचाच. नवऱ्याने टाकलेली; मिलच्या कामगारांसाठी खाणावळ चालवायची. हे कळलं तर स्थळ हातचं जाईल, ही भीती वडिलांना नव्हती. मला होती.

पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली. मुलाच्या आईने विचारलं, "या कोण तुमच्या?"

वडील तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "स्वयंपाकाला बोलावल्यात."

आत्याने पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं.

"ताईसाहेब, पाहुण्यांना आणखी वाढू?"