जांभळ्या जिभेची कारकून

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्यांना माणसं हवी होती. त्यात दुष्काळ, म्हणून मला टँकरच्या याद्या लिहायची तात्पुरती नोकरी लागली. याद्या तीन प्रतींत, कार्बन घालून, कॉपिंग पेन्सिलीनं. तिचं टोक ओलं केलं की अक्षर जांभळं आणि पक्कं उमटायचं. त्यासाठी टेबलावर ओल्या स्पंजाची वाटी असे, पण साहेबांनी वाटीतलं पाणीही बंद केलं. मग काय, जीभ होतीच.

पुढं कायम व्हायची वेळ आली आणि वैद्यकीय तपासणीचं पत्र आलं. ही नोकरी गेली तर शिरूर अनंतपाळला परत जाऊन अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, किराणा दुकानात गूळ जोखायचा. ते मला अजिबात नको होतं. तपासणीला अप्पा सोबत आले होते.

"जीभ," डॉक्टर म्हणाले. मी ऐटीत काढली. त्यांनी चष्मा सारखा केला.

"जांभळं खाल्ली?"

"दुष्काळात कुठली हो जांभळं?"

"पान? लोहाच्या गोळ्या?"

"न्हाई."

त्यांनी नखं पाहिली, बराच वेळ छाती तपासली आणि अप्पांना म्हणाले, "हृदयाचं काही असू शकतं. मोठ्या दवाखान्यात दाखवा. आत्ता 'फिट' लिहिता येणार नाही."

अप्पा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बाहेर निघून गेले. नोकरी गेली, आता गूळ जोखा, एवढंच माझ्या मनात आलं.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. "इथं पत्ता लिहा."

मी पर्समधली पेन्सिल काढली, सवयीनं जिभेवर फिरवली आणि लिहू लागले.

"थांबा!" डॉक्टर ओरडले. मग इतके हसले, की नर्स धावत आली. तिनं ओल्या कापसानं जीभ घासली तर कापूस जांभळा. कचेरीत सगळ्यांच्याच जिभा तशा, त्यामुळे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मला 'फिट' मिळालं.

बाहेर अप्पा कडुलिंबाखाली बसले होते, डोळे लाल करून. मी पेन्सिलीची सगळी हकिकत सांगितली. ते हसले नाहीत.

"नोकरीचं काय घिऊन बसलीस," ते म्हणाले, "मला वाटलं, तूच..." मला माझीच लाज वाटली.

बसस्टँडपर्यंत त्यांनी मला तीनदा थांबवलं. "जीभ काढ बघू, माय." भर रस्त्यात, लोकांदेखत. मी तिन्ही वेळा काढली.