‘पारंपरिक’ कसलं, ते गाणं माझं आहे!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज नंदुरबारला कॉलेजच्या कार्यक्रमात पोरापोरींच्या बँडनं ‘मन्ही पाटी कोनी फोडी?’ गायलं. गिटार घेऊन, घसा फोडून. मला फार आवडलं. मग निवेदक म्हणाला, "हे पारंपरिक अहिराणी गीत. कवी अज्ञात."

अज्ञात? मी तिसऱ्या रांगेत बसले होते!

साठच्या दशकात रनाळ्यात काकांनी माझी पाटी फोडून शाळा बंद केली, तेव्हा रागानं मी ते रचलं. स्वतःच्या हळदीला सगळ्या पुरुषांसमोर ओरडून म्हटलं. काकांनी थोबाडीत मारली. पुढे बायका प्रत्येक लग्नात मला तेच म्हणायला लावायच्या.

मी उठून म्हणाले, "भाऊ, हाई गानं मन्हं शे."

तो हसला. "आजी, लोकगीत सगळ्यांचंच असतं." लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या.

नंतर गाणारी पोरगी जवळ आली. "आजी, पुढलं कडवं शे का?"

"शे. पन पहिले मन्हं नाव लिख."

तुमच्याकडे लग्नात म्हणतात ती गाणी कोणी रचली, कधी विचारलंत का हो?