हनीफभाई आणि लंगडीसारखा खेळ

फ्लेक्स लावला तेव्हा हनीफनं सगळा विचार केला होता. सनीचा फोटो कुठला घ्यायचा, खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो किती मोठा ठेवायचा (सनीपेक्षा किंचित लहान, पण गॉगलसकट), वाघाचं चित्र डावीकडं की उजवीकडं. फक्त फ्लेक्स लावायचा कुठल्या खांबावर, हा विचार तेवढा राहून गेला. शिडी होती, दोरी होती, समोर खांब होता, त्यानं बांधून टाकला. बांधून खाली उतरून, कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत असतानाच पाठीमागची खिडकी उघडली. तो खांब सोजरबाईंच्या स्वयंपाकघरासमोर होता.

सोजरबाईंना अक्षरं जुळवून वाचायला वेळ लागायचा, पण स्वतःचा मुलगा ओळखायला वाचावं लागत नाही.

"हनीफ, ह्यो आमचा सनीच हाय न्हवं?"

"हो मावशी."

"काय हाय रविवारी?"

"काही नाही मावशी, किरकोळ आहे. मॅच आहे जरा. गॅरेजसमोर पडदा लावणार आहोत पोरं पोरं."

"माझ्या पोराचा खेळ, आन् मलाच सांगत न्हाईस व्हय रे? येते मी."

खिडकी बंद झाली. हनीफ खांबाखाली उभाच राहिला.

आता या माणसाचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर त्याला घाम का फुटला ते कळायचं नाही. पुण्याजवळच्या चिखलीत साने चौकाच्या अलीकडं हनीफचं दुचाकीचं गॅरेज. वडील उदगीरहून आले, पंक्चर काढत राहिले. हनीफनं त्याचं गॅरेज केलं. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. गाडी ढकलत आणलेल्या माणसाचा चेहरा त्याला बघवत नाही. इंजिन जाम झालेलं असो की चेसिस वाकलेली, हनीफ आधी म्हणणार, "काही नाही, किरकोळ आहे." माणूस निवांत चहा प्यायला जातो आणि परत येतो तेव्हा गाडीचे भाग गोणपाटावर पसरलेले असतात. यात फसवणूक नाही. समोरच्याचा जीव थोडा वेळ तरी शांत राहावा, एवढीच त्याची इच्छा. बायको नूरबी म्हणते, "तुम्ही डॉक्टर झाला असता तर सगळे पेशंट हसत हसत मेले असते."

याच स्वभावानं घात केला होता. सनी कॉलेजात रग्बी खेळायला लागला तेव्हा सोजरबाईंनी शेजारधर्म म्हणून हनीफलाच विचारलं, हा कसला खेळ? हनीफ म्हणाला, "लंगडीसारखा, मावशी. पळापळीचा. अंगाला हात लागला की बाद." पुढं सनीचा खांदा निखळला, तेव्हा गॅरेजमध्ये बुलेटची किक उलटी बसली असं सांगण्यात आलं. दात हलला, तेव्हाही किकच. सोजरबाईंच्या लेखी हनीफचं गॅरेज म्हणजे पोरांचे हातपाय मोडायची जागा झाली होती, आणि तो ते निमूट सोसत होता.

यंदा सनीला पुण्याच्या संघानं घेतलं. सात-सात जणांची, पैसे देऊन खेळवली जाणारी लीग. पण सनीचे वडील किसनकाका चाकणला ज्या कंपनीत प्रेस मशीनवर होते, तिथल्या साहेबांनी सनीला कामाला घ्यायचं कबूल केलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं. लीग तर पुढच्या महिन्यातही चालणार. किसनकाका म्हणाले, तुझी आई सांगेल ते. आणि सोजरबाईंनी घरात, हनीफच्या देखत सांगितलं होतं, "पळापळी हाय तवर खेळ. पर मला एक थेंब रगत दिसलं, तर एक तारखेला चाकण. मग माझ्याशी हुज्जत घालायची न्हाई."

त्या रात्री सनीचा फोन आला होता. "हनीफभाई, काहीही करा, आईला मॅच तेवढी दाखवू नका."

आणि हनीफनं तिच्या खिडकीसमोर वाघासकट जाहिरात बांधली.

रविवारी संध्याकाळी गॅरेजसमोर गल्ली भरली. फॅब्रिकेशनवाल्या मोईजनं पडदा लावला, मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. किसनकाका सेकंड शिफ्टला होते. सोजरबाई मात्र ठेवणीतली निळी साडी नेसून आल्या आणि नूरबीनं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. हनीफ पडद्याला पाठ करून बसला असता तरी चाललं असतं, कारण तो मॅच बघायला आलाच नव्हता. त्याचं लक्ष सोजरबाईंच्या तोंडाकडं.

समोर कोचीचे पिवळे, आपले निळे. गल्लीतल्या कुणालाही नियम नीट माहीत नव्हते. चेंडू मागंच टाकायचा, पळायचं मात्र पुढं, आणि रेघेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच, वर लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून घातला की आणखी दोन, एवढं मोईजनं यूट्यूबवर बघून सांगितलं होतं. बाकी मॅच बघायची पद्धत सगळ्यांची क्रिकेटची. सोजरबाईंनी खुर्चीवर एक पाय मुडपून घेतला आणि त्याच क्षणी निळ्यांचा पोरगा कडेनं सुसाट सुटला तो थेट रेघेपलीकडं. सात-शून्य. गल्ली नाचली.

हनीफनं संधी साधली. "मावशी, वास येतोय बघा. गॅस चालू राहिला असेल तुमचा."

"अगं बाई," म्हणून सोजरबाई उठायला लागल्या.

"ओ मावशी!" मोईज मागून ओरडला. "उठायचं नाही! तुम्ही बसलात आन् ट्राय पडला. पाय पण तसाच ठेवा मुडपलेला. कुणीबी जागा सोडायची नाही राव, सांगून ठेवतो!"

"अरे, त्यांचा गॅस..." हनीफ म्हणाला.

"गॅस तू बघून ये, भावा. तू हललास तर काय फरक पडत नाही."

हनीफला जावं लागलं. कुलूप लावलेल्या घरापुढं उभं राहून तो मुकाट परत आला, आणि तेवढ्यात पिवळ्यांनी बरोबरी केली होती. सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती.

"तू हललास," मोईज म्हणाला.

"तूच पाठवलंस ना यार!"

पुढची दोन-तीन मिनिटं हनीफच्या आयुष्यातली लांबलचक मिनिटं होती. एक पिवळा धिप्पाड गडी चेंडू छातीशी धरून धावत आला, आणि सनीनं आडवा झेपावून त्याचे दोन्ही पाय कवळले. गडी झाडासारखा पडला. गल्ली ओरडली, "पाडलाऽऽ!"

सोजरबाईंनी मान वळवली. "हनीफ, हात लागला की बाद म्हणला हुतास न्हवं? ह्यो तर पाय धरून पाडतोय लोकास्नी."

"नियम बदललेत मावशी. यंदापासून."

"आन् त्या गड्याचं काय?"

"किरकोळ आहे. उठला बघा."

गडी खरंच उठला, पण पुढच्याच खेपेला त्यानं सनीला खांद्यानं असा उडवला की पडद्यावर धूळ दिसली. सोजरबाईंचा हात पदराकडं गेला आणि तिथंच थांबला. नूरबीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत घरी गेल्यावर काय काय होणार याची पूर्ण कल्पना होती. "लाईट नाही का हो जात आज?" हनीफ कुणाला तरी कुजबुजला. बिनभरवशाची चिखलीची लाईट नेमकी त्या दिवशी इमानदार निघाली.

अर्धा वेळ झाला तेव्हा सात-बारा, आपण मागं. पोरांचे आवाज बसले. कुणी जागा सोडेना, पाणी हातोहात मागं पोचवलं जात होतं. सोजरबाईंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी तो मुडपलेलाच. त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण आपल्या एका पायावर तीस-चाळीस पोरांचा जीव टांगलाय असं म्हटल्यावर माणूस तो पाय हलवत नाही.

दुसऱ्या डावात सनीला मधोमध चेंडू मिळाला. समोरून दोघं पिवळे एकदमच आले. आदळायच्या आत त्यानं चेंडू डावीकडं मागं टाकला, आणि मग ते दोघं त्याच्यावर आले. चेंडू घेतलेला पोरगा मोकळाच सुटला. गल्ली उठून उभी राहिली, "जा, जा, जाऽऽ!" तो गेला, टेकवला, वरची लाथही बसली. चौदा-बारा! शिट्ट्या, खुर्च्या उलट्या, मोईज कुणाच्या तरी खांद्यावर.

सोजरबाईही उभ्या राहिल्या होत्या. पण त्या धावणाऱ्याकडं बघत नव्हत्या. पडद्याच्या एका कोपऱ्यात, मागं, एक निळा शर्ट हिरवळीवर पडलेला होता आणि उठत नव्हता. एवढ्या गोंधळात ते दोघांनाच दिसलं. त्यांना आणि हनीफला.

मग कॅमेरा जवळ गेला. सनीची भुवई फाटली होती. रक्त डोळ्यावरून गालावर उतरत होतं, आणि पडदा मोठा होता, अगदी मोईजनं हौसेनं आणलेला.

एका पोराच्या तोंडातली शिट्टी अर्धी वाजून थांबली.

"झालं," सोजरबाई शांतपणे म्हणाल्या. "एक तारीख."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. डॉक्टर सनीला धरून बाहेर नेत होते, आणि सोजरबाई खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत निघाल्या. तेवढ्यात मोईज, ज्याला त्या अटीचा पत्ताच नव्हता, आडवा आला.

"मावशी, हात जोडतो. तुम्ही उभ्या राहिलात आन् ट्राय झाला. आता हलू नका, बसू पण नका. दोन मिनिटं राहिलीत फक्त."

"बाजूला हो."

"मावशी, त्यानं तो चेंडू मार खाऊन टाकलाय ओ. वाया घालवायचा का?"

सोजरबाईंची मान पडद्याकडं वळली. पडद्यावर सनीच्या डोक्याला पट्टी गुंडाळणं चाललं होतं, आणि तो पट्टीवाल्याचा हात झटकून मैदानाकडं मान लांब करकरून बघत होता. त्या बघत राहिल्या. पट्टीचं शेवटचं टोक चिकटायच्या आत पोरगा आत पळाला.

"कुणी सांगितलं ह्याला परत जायला?" त्या ओरडल्या. पण जागेवरून हलल्या नाहीत.

शेवटचं मिनिट. पिवळे रेघेपासून दोन हातांवर. एक आला, सनीनं पाडला. दुसरा आला, दुसऱ्यानं पाडला. सनी उठला, परत पाडला, परत उठला. पट्टी सुटून कानावर लोंबत होती. वेळ संपल्याचा भोंगा वाजला, पण चेंडू मेल्याशिवाय, म्हणजे बाहेर गेल्याशिवाय, खेळ संपत नाही म्हणे. सोजरबाई उभ्या, मुठी आवळलेल्या, आणि हनीफला दिसलं की साडीआड त्यांचे गुडघे थरथरतायत. संधिवाताचे गुडघे. आता पडतील.

हनीफचा स्वभाव आडवा आला. त्यानं खुर्ची हळूच त्यांच्या मागं सरकवली.

खुर्ची पायाला लागली आणि सोजरबाई आपोआप टेकल्या.

आणि पिवळा गडी कोपऱ्यातून घुसला. चौदा-सतरा. शिट्टी वाजली, संपलं.

उभी असलेली पोरं एकेक करून टेकली. मग मागून एकजण हळूच म्हणाला, "मावशी बसल्या राव." मोईजनं त्याला कोपर मारलं. पण सगळ्यांच्या नजरा सोजरबाईंकडंच गेल्या, आणि सोजरबाईंची खाली गेली. हरलेल्या संघाच्या कप्तानाची जाते तशी.

पोरं पडदा गुंडाळत होती तेव्हा हनीफचा फोन वाजला. "भाई, आईनं बघितलं का?" त्यानं उत्तर द्यायच्या आत सोजरबाईंनी फोन हातातून घेतला.

"किती टाके पडले?"

पलीकडं सनीनं आईचा आवाज ओळखला. मग, "तीन. आई, ऐक ना..."

"दुकतंय?"

"नाही जास्त. आई, हरलो आम्ही."

"तू न्हाई हरलास. मी बसले." त्यांनी मोईजकडं बोट दाखवलं. "उभी हुते तवर तुम्ही पुढं हुतासा. ईच्यार ह्या मोईजला. मी बसले आन् गेली. पुढची कवा हाय?"

"गुरुवारी. पण आई, एक तारखेला तर..."

"एक तारखेचं तुझ्या बापाला मी सांगते. माझ्यापायी हरलेली भरून काढल्याबिगर कसला जातूस चाकणला? गुरुवारी मी उभी ऱ्हाते. पट्टी घट बांधून घे."

फोन परत करताना त्यांनी हनीफला आपादमस्तक पाहिलं. हनीफनं ओठ उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही किरकोळ सुचलं नाही.

"लंगडीसारखा खेळ म्हणलास, ते गिळलं मी. बुलेटची किक बी गिळली. पर खुर्ची कुणी सरकवली रे?"

"मावशी, तुमचे गुडघे..."

"गुडघं माझं हुतं! एक थोबाडीत बाकी हाय तुझी. आता चारचौघात देत न्हाई."

"द्या की मावशी," नूरबी म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते?"

"न्हाई. सवडीनं दीन."

गुरुवारी सोजरबाई खांबाला धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि आपण जिंकलो. एक तारीख येऊन गेली; किसनकाकांनी साहेबांना काय सांगितलं ते किसनकाकांनाच ठाऊक. थोबाडीत मात्र अजून मिळालेली नाही, माफही झालेली नाही. हनीफ एकदा आपण होऊन गाल पुढं करून गेला होता, तर त्या म्हणाल्या, "घाई काय हाय?" तेव्हापासून त्या दारावरून गाडी नेताना तो हेल्मेट घालतो, आणि अख्ख्या चिखलीत तो हेल्मेट फक्त तेवढ्याच वीस पावलांसाठी घालतो.