सतरंजीचे चार कोपरे

कद्दूकाकूंना नवीन माणूस भेटला की त्या आधी त्याच्या दंडांकडे बघत, चेहऱ्याकडे नंतर. आम्ही मुंबईहून दिल्लीला बदली होऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान चढवत होतो, तेव्हा त्या खालच्या मजल्यावरच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझा नवरा मिलिंद लोखंडी कपाटाला खांदा लावून जिना चढत होता. त्याला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "मराठी का? अच्छा. छान झालं. एक कोपरा यांना."

कसला कोपरा, हे मला आठवड्याभराने कळलं. त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत एक सतरंजी होती. ऑफिसच्या कामाने कधीतरी पानिपतला गेल्या असताना त्यांनी ती मुद्दाम शोधून आणली होती. निळ्या पट्ट्यांची, जाडजूड, म्हैस बसवली तरी फाटणार नाही अशी. तिच्यावर आजवर कुणी बसलं नव्हतं. एक दिवस तिच्यात स्वतः पिकवलेला भोपळा घालायचा आणि चार माणसांनी चार कोपरे धरून तो उचलायचा, एवढ्यासाठी ती घेतलेली होती. कॉलनीत नवा माणूस आला की काकू मनातल्या मनात कोपरे वाटत.

त्यांचं आडनाव साळवे. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. तरुणपणी परीक्षा देऊन दिल्लीला नोकरीला आल्या, लग्न केलं नाही, आणि एका मंत्रालयात पायरी पायरीने सेक्शन ऑफिसर झाल्या. शेजारपाजारचे हिंदी लोक त्यांना कद्दूवाली मॅडम म्हणत. आमच्या मराठी घरांतली दिल्लीत वाढलेली मुलं भोपळा हा शब्द फक्त गणितातल्या मार्कांसाठी वापरत, त्यामुळे त्यांनी मॅडमची कद्दूकाकू केली. काकूंना ते नाव पसंत होतं. "साळवे तर खूप आहेत," त्या म्हणत, "कद्दू एकटीच."

क्वार्टरच्या मागे त्यांचं छोटं अंगण होतं. थंडी ओसरली की तिथे खड्डा घ्यायचा, शेणखत भरायचं आणि एकच वेल लावायचा. वेल पसरला की त्याची पेरं मातीत दाबायची, म्हणजे तिथेही मुळं फुटतात. मादी फूल उमललं की सकाळी ऑफिसच्या आधी नर फूल तोडून स्वतःच्या हाताने त्यावर फिरवायचं. एक फळ धरलं की बाकीची सगळी खुडून टाकायची. हे खुडणं मला जड जाई. इवले इवले हिरवे भोपळे! काकू मात्र खुडताना जराही थांबत नसत. "सगळ्यांना थोडं थोडं दिलं की कुणाचंच भलं होत नाही. मी बजेट सेक्शनला होते बाई."

आम्ही पाहिलेल्या पहिल्या हंगामात लाल भुंग्यांनी रोपच खाल्लं. पुढच्या वर्षी फळ हेल्मेटएवढं झालं आणि माकडं आली. त्यांनी भोपळा फोडला, एकेक घास चाखला आणि टाकून दिला. काकूंना नुकसानापेक्षा तो अपमान लागला. "खाल्ला असता तर चाललं असतं गं. नापसंत केला!" त्याच्या पुढच्या मे महिन्यात दुपारी धुळीची आंधी आली, मागोमाग धो धो पाऊस. उन्हात तापलेल्या वेलाने एकदम पाणी ओढलं आणि भोपळा उकलला. फाडकन आवाज आला तो आम्हाला वर ऐकू आला. खाली गेले तर काकू ओल्या अंगणात उभ्या. भोपळ्याला देठापासून बुडापर्यंत भेग, आतला केशरी रंग दिसत होता.

अशा वेळी काय करायचं याचा त्यांचा एक नियम होता. "रडायचं ते भाजी शिजेपर्यंत." आणि त्या खरंच रडत, अजिबात लपवत नसत. जेवढा चांगला उरला तेवढा भोपळा चिरायचा, मेथीदाण्याची फोडणी द्यायची, झाकण ठेवायचं आणि ओट्याशी उभं राहून ओढणीने डोळे पुसत रडायचं. वाफ आली, फोड बोटाने दाबून पाहिली, शिजली, की रडणं बंद. मग नाक शिंकरून त्या डबे भरत आणि जिन्यातल्या प्रत्येक घरी पोचवत. संध्याकाळी बिया धुऊन वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या असत आणि काकू फावडं घेऊन पुढच्या वर्षीच्या खड्ड्याची जागा बघत असत.

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, दुरुस्त्या, कुणाला फोन करायचा राहिलाय, सगळं लिहिलेलं असतं. तीन हंगाम फुकट गेलेले पाहिल्यावर मला राहवेना. मी त्यांना काय चुकलं आणि त्यावर उपाय काय, अशी व्यवस्थित यादी करून दिली. भुंग्यासाठी राख, माकडांसाठी जाळी, पावसासाठी ताडपत्री. काकूंनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, ऑफिसच्या सवयीने खाली सही केली आणि फ्रिजवर लावली. "यादी बिल्कुल बरोबर आहे. पण यातलं एकही कारण पुढच्या वर्षी येणार नाही. पुढच्या वर्षी नवीन येईल."

आलंच. वेलावर भुरी रोग आला.

भाजी करण्यात एक अडचण होती, ती म्हणजे माझ्या सासूबाई. बाईने आख्ख्या भोपळ्याला पहिला सुरा लावू नये, तो पुरुषाने लावावा, मग बाईने हवा तसा चिरावा, हे त्यांच्या माहेरी-सासरी पाळत आलेलं. तसं केलं नाही तर ती भाजी त्या खात नसत. त्यांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मग मी काय करू ताई? भोपळ्यासाठी आता नवरा बघू?"

"नवरा कशाला? आमचा मिलिंद आहे की वर," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्यात असलं काही नसतं. पण तुम्ही जेवणार नसाल तर शिजवायचं कशाला? बोलवा त्याला."

तेव्हापासून भोपळा बिघडला की खालून हाक येई, "मिलिंद, या!" आणि मिलिंद बनियनवर खाली जाऊन, फाटलेल्या किंवा माकडांनी चाखलेल्या भोपळ्याला गंभीरपणे एक चीर देऊन परत येई. "आधीच फुटलेल्याला पहिला सुरा कसला लावायचा?" असं त्याने एकदा विचारलं. दोघींनीही त्याला गप्प बसवलं.

एवढं करून हवंय काय, हे मी एकदा स्पष्टच विचारलं. आम्ही त्यांच्या ओसरीत मटार सोलत होतो.

"अगं, गॅसचा सिलिंडर मी एकटी सरकवते," काकू म्हणाल्या. "बदल्यांमध्ये ट्रंका एकटीने बांधल्या. आई गेली तेव्हा रिझर्वेशन मिळेना, जनरलच्या डब्यात बसून एकटी नगरला गेले. सगळं उचललं जातं मला. म्हणून कुणाला बोलवायची वेळच येत नाही. एकदा तरी असं काही हवंय, की चार लोकांना हाक मारावीच लागेल." मग शेंगेतला किडका दाणा वेगळा काढत म्हणाल्या, "आणि ते मी वाढवलेलं हवं. नाहीतर काय, चौघांनी उचलायला फ्रिज आहेच."

त्यानंतर मी उपायांच्या याद्या देणं बंद केलं आणि सकाळी पाणी घालायला खाली जायला लागले.

मग त्यांचा रिटायर होण्याचा हिवाळा आला. क्वार्टर जूनअखेर सोडायचं होतं. नगरला भाचीने दुसऱ्या मजल्यावर खोली तयार ठेवली होती. तिथे अंगण नव्हतं. म्हणजे हा हंगाम शेवटचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. त्या वर्षी वेलही हट्टाला पेटल्यासारखा वाढला. एप्रिलमध्ये धरलेलं फळ मे महिन्यात काकूंच्या मिठीत मावेनासं झालं. आधीच्या वर्षांतल्या सगळ्या संकटांचा बंदोबस्त होता, जाळी होती, ताडपत्री होती. प्रश्न राहिला उन्हाचा. खालची जमीन तव्यासारखी तापे. काकूंनी कूलरच्या जुन्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या काढून भोपळ्याखाली सरकवल्या आणि त्या रोज भिजवायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. दिल्लीत इतकी वर्षं काढलेली माणसं, उन्हाची धास्ती सगळ्यांना, ओलीची कुणालाच नाही.

रोज ऑफिसला जाताना मिलिंद विचारी, "काकू, उचलता येईल का?" काकू भोपळ्याला दोन्ही हातांनी रेटा देऊन म्हणत, "येईल, येईल. अजून हलतोय." जूनमध्ये एका सकाळी त्या धापा टाकत जिना चढून आल्या आणि दार वाजवून म्हणाल्या, "नाही हलत!" बोर्डात आलेल्या मुलीचा चेहरा असा असतो.

सामानाचा ट्रक यायच्या आधीच्या रविवारी सतरंजी ट्रंकेतून बाहेर आली. एक कोपरा मिलिंदला, एक समोरच्या नेगीसाहेबांना, एक गेटवरच्या गार्डला, एक कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. जिन्यातली सगळी घरं अंगणात. सासूबाईंसाठी बसायला वेताचा मोढा आणून ठेवला होता. काकूंनी स्वतः देठ कापला. सतरंजी खाली सरकवायला चौघांनी भोपळा एका बाजूने कलता केला आणि घाण वास आला. आतून पाणी वाहिलं. बूड खसच्या जाळीला चिकटून जमिनीवरच राहिलं.

नेगीसाहेबांनी हात मागे घेतले. "मैडम, ये तो..."

"उठाओ," काकू म्हणाल्या. "जितना है, उतना उठाओ."

चौघांनी उरलेला भोपळा सतरंजीवर घेतला आणि उचलला. मिलिंदच्या मानेच्या शिरा फुगल्या. इस्त्रीवाला हसत म्हणाला, "अरे बाप रे, मैडम, आधा ही इतना भारी है!" अंगणातून ओसरीपर्यंत चार पावलांची वाट, पण मध्ये एकदा टेकवावा लागला. काकू बाजूने चालत होत्या, सतरंजीला हात न लावता. दोन्ही हात त्यांनी मागे धरले होते.

ओसरीत भोपळा ठेवल्यावर त्या आत गेल्या, सुरा घेऊन आल्या आणि नेहमीसारखी हाक मारली, "मिलिंद, या."

"त्याला नको," सासूबाई मोढ्यावरून म्हणाल्या. "तुम्ही लावा."

"ताई, मग तुम्ही जेवणार नाही."

"जेवते. दोनदा जेवते. लावा तुम्ही."

काकूंनी सुरा लावला. भाजी तीन घरांच्या गॅसवर शिजली. त्या दिवशी काकू रडल्या नाहीत. त्यांच्या वाटचं सासूबाईंनी रडून घेतलं, झाकण काढेपर्यंत. खरं सांगायचं तर भाजी पाणचट होती, इतके मोठे भोपळे चवीला तसेच असतात. सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

जाताना त्यांनी सतरंजी माझ्या हातात ठेवली, आत बियांची पुडी. "तिकडे जागा नाही गं," एवढंच म्हणाल्या आणि ट्रकवाल्याला दोरी नीट बांधायला सांगायला गेल्या.

आता आम्ही नोएडात सातव्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या मागची पट्टी मी सेक्रेटरींशी भांडून मिळवली आहे. पहिल्या वर्षी माळ्याने तण समजून वेल उपटला. दुसऱ्या वर्षी फळमाशी लागली. दोन्ही वेळा मी भाजी शिजेपर्यंत रडले. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ लागतो शिजायला. यंदा फळ धरलंय. दर रविवारी नगरहून फोन येतो. तब्येत, भाची, हवा, काही नाही. पहिलं वाक्य ठरलेलं.

"उचलता येतोय का गं?"

"येतोय, काकू. एका हाताने."

"मग ठेव फोन. पाणी घाल."