उमाकांतांची तमिळ

पक्षाघातानंतर उमाकांतांच्या तोंडून पहिला शब्द आला तो ‘तण्णी’. पाणी हवं होतं त्यांना. विद्यालक्ष्मी धावत पेला घेऊन आली, त्यांना पाजलं, आणि देवापुढे जाऊन रडली. त्या आनंदात तिच्या ध्यानातही आलं नाही, की त्यांच्या घरात पाण्याला आजवर पाणीच म्हणत आले होते.

दोघंही तंजावूरकडच्या मराठी घरांतली. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. उमाकांतांनी सगळी नोकरी तमिळ शाळेत गणित शिकवण्यात काढली, पण चपला काढल्या की त्यांची भाषा पालटायची. भांडण, थट्टा, स्तोत्रं, मुलीचे लाड, सगळं मराठीत.

आजारानंतर त्यांची तमिळ हळूहळू परत आली. मराठी मात्र आली नाही. विद्यालक्ष्मी “जेवण वाढूं कां?” म्हणाली की ते तिच्या ओठांकडे बघत राहायचे, कपाळाला आठ्या पडायच्या, मग मान वळवायचे. डॉक्टरांनी सांगितलं, असं क्वचित होतं. एक भाषा वाचते, दुसरी राहून जाते. परत येईल का, हे त्यांनाही सांगता येईना.

शहरातल्या नुंगंबाक्कम भागात जयंती नावाची वाचा-उपचार करणारी बाई होती; उमाकांत तिच्याकडे जाऊ लागले. वाणी गमावलेल्यांचा एक गट ती आठवड्यातून एकदा जमवायची. उपचारांसाठी येणारी माणसं वाढली, तशी गट चालवायला तिला कुणीतरी हवं होतं. विद्यालक्ष्मी विमा कचेरीतून निवृत्त झालेली, बोलायला धीट. तिने हौसेने होकार दिला.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना नावं विचारली आणि कुणी अडखळलं की यादीत बघून स्वतःच सांगून टाकली. रेल्वेत गार्ड असलेले चंद्रमौळी “माझा... माझा...” करत होते, तर ती म्हणाली, “नातू! नातू आला ना तुमचा?” त्यांनी मान डोलावली आणि पुढे तासभर तोंड उघडलं नाही. गट उठल्यावर जयंतीने विचारलं, “मामी, आज सगळ्यांत जास्त कोण बोललं?” तिकडे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात.

विद्यालक्ष्मी ओशाळली. “मीच की.”

“त्यांचा शब्द त्यांना शोधू द्या. शोधताना तुम्ही फक्त सोबत बसा. तेवढंच आपलं काम, आणि तेच फार अवघड आहे.”

ते खरंच अवघड होतं. शांतता पसरली की विद्यालक्ष्मीची जीभ वळवळायची. ती साडीचा काठ मुठीत धरून बसू लागली. हळूहळू तिला कळलं, की प्रश्न लहान विचारावा. फार बोलणाऱ्याला प्रेमाने थांबवावं. मोठ्या माणसांना ‘शाब्बास’ म्हणू नये, त्याने ती लहान होतात. एकाने चित्र काढून सांगितलं तर ते दुसऱ्याला वाचायला द्यावं. मग ती दोघं एकमेकांना शिकवतात, आपली गरजच उरत नाही. काही महिन्यांनी चंद्रमौळींनी स्वतःच सांगितलं की माझा म्हणजे नातू नव्हे, माझा कुत्रा मेला होता. त्या दिवशी घरी जाऊन तिला जेवण गेलं नाही.

उमाकांतही त्याच गटात बसायचे. तिथे ते खुलायचे. हातवारे करून शाळेतली गंमत सांगायचे, आणि ती समोरच्या खुर्चीतून बाकीच्यांसारखीच ऐकायची. घरी आलं की पुन्हा मुके.

एकदा तिने गटाला विचारलं, “घरात सगळ्यांत अवघड काय जातं?” एकेक जण बोलला. उमाकांतांची पाळी आली. ते खुर्चीत पुढे सरकले. मग तमिळमध्ये, एकेक शब्द वेचत म्हणाले, “ती... बोलते. आवाज... ओळखीचा. आमचाच. पण... आत... जात नाही. मी... दाराबाहेर... उभा.” आणि शेवटी म्हणाले, “एकटा.”

सगळे विद्यालक्ष्मीकडे बघू लागले. उठावं, त्यांचा हात धरावा, सांगावं की मीही त्याच दाराच्या आत एकटीच आहे, असं तिच्या मनात उसळलं. ती उठली नाही. त्यांचं बोलणं संपलंय का, याची तिने वाट पाहिली. मग तिने बाकीच्यांना विचारलं, “असं आणखी कुणाला वाटतं?” चार हात वर झाले. उमाकांतांनी ते हात पाहिले, आणि त्यांचे खांदे सैल पडले.

त्या संध्याकाळपासून ती घरात तमिळ बोलू लागली. “कॉफी घेता का?” हे सोपं होतं. पण रागावायचं कसं? रुसायचं कसं? भाजीवाल्याशी, कचेरीतल्या साहेबाशी बोललेल्या भाषेत नवऱ्याशी सलगी तिला जन्मात कधी करावी लागली नव्हती. तरी ते हसायचे, उत्तर द्यायचे. संसार पुन्हा बोलू लागला, आणि तिच्या तोंडची मराठी मिटली. मुलगी अनन्या शहराच्या टोकाला शोळिंगनल्लूरला नोकरी करायची. तिचं फोनवरचं बोलणं आता निम्मं इंग्रजी, निम्मं तमिळ.

पुढच्या वर्षी उमाकांतांना दुसरा झटका आला. दवाखान्यात ते डोळे मिटून होते. अनन्या औषधं आणायला गेली, तेव्हा विद्यालक्ष्मी त्यांच्या कानाशी वाकली आणि तिने मराठीत बोलायला सुरुवात केली. “ऐकूं येतें कां हो तुम्हांस? मी कोठेंही गेलें नाहीं. येथेंच आहें.” लग्नातली फजिती, अनन्याच्या बारशाला झालेलं भांडण, इतके दिवस गिळलेलं सगळं ती बोलली. मग ती थांबली आणि उत्तराची वाट पाहत बसली. वाट पाहणं तिला आता चांगलं येत होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ती गटाला गेली, पण ठरलेल्या खुर्चीवर बसेना. तिच्या जागी चंद्रमौळी बसले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मामी... तुम्ही... सांगा.”

ती सांगू लागली आणि तिच्या तोंडून मराठीच आली. एक शब्दही कुणाला कळत नव्हता. तिचं तिलाही भान नव्हतं. ती रडत होती, बोलत होती, उमाकांतांना नावं ठेवत होती, मला न विचारतां कैसे गेलांत म्हणून. कुणीही मध्ये बोललं नाही. तिचं बोलणं आपोआप आटलं, तेव्हा चंद्रमौळींनी विचारलं, “आणखी?”

“नाही,” ती तमिळमध्ये म्हणाली. “आता ती भाषा बोलायला कुणी नाही.”

जयंतीने दारातून हे सारं पाहिलं आणि दार हलकेच लोटून घेतलं.