ट्रॅक्टरच्या जागी चंद्र

नदीचं चित्र भिंतीवर टांगताना त्यातला उजेड कुठून आला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

परवा धरमपेठेत एका फ्रेमच्या दुकानात टर्पेंटाइनचा वास आला आणि मी मनाने पारशिवनी गावातल्या आमच्या ओसरीत पोचलो. मी चौथीत होतो. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माझ्या बाबांनी एका रेतीच्या ठेकेदारासाठी रात्रीची नदी रंगवली होती. काळंनिळं पाणी, काठावर चोरून रेती उपसणारा ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन दिव्यांचा पाण्यात थरथरणारा पिवळा उजेड.

ठेकेदार हसला. "काहून गा पेंटर, मले जेलात धाडतं का? ट्रॅक्टर मिटव, चंद्र काढ."

"त्या रात्री चंद्र नव्हता, साहेब."

"मंग तू उगव त्याले! पेंटर तू हायेस का मी?"

मी टाळ्या पिटल्या. "बाबा, चंद्र काढा नं!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश उचलला. ट्रॅक्टर गेला, चंद्र आला. पाण्यातले दोन पिवळे पट्टे मात्र त्यांनी तसेच ठेवले. ते ठेकेदाराला कळले नाहीत आणि मलाही नाहीत.

आज त्या नदीत रेती नाही, काठच्या विहिरी कोरड्या आहेत. बाबांना खोटं रंगवायला लावणाऱ्यांत माझाही आवाज होता, हे मला गिळता येत नाही.

तुम्हीही गावातले चार जण मिळून एकदा रात्री तुमच्या नदीवर जा. पाण्यात कुणाच्या गाडीचा उजेड पडतो ते पाहा आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदाराला लेखी कळवा. खाली चौघांच्याही सह्या करा.