माझ्या हातानं घातलेला हार

सरपंचानं हार माझ्या गळ्यात घातला नाही. टेबलाच्या कडेला ठेवला. बोटानं पुढं सरकवला. म्हणाला, "घे रं, घाल. शिकलास आता, तुला काय सांगाया लागतंय?"

मांडव हसला.

त्या वर्षी गावातून आम्ही तिघं मॅट्रिक झालो होतो. एक सरपंचाचा पुतण्या, दोनदा आपटून कसाबसा काठाला लागलेला. दुसरा वाण्याचा. दोघांना त्यानं जवळ ओढलं, हार घातले, पाठीवर थाप मारली. मी पहिल्याच झटक्यात पास झालो होतो. पण मी बौद्धवाड्यातला. गाव अजून महारवाडाच म्हणायचं. माझ्या वाट्याला टेबलाची कडा.

मी हार उचलला. माझ्याच हातानं माझ्या गळ्यात घातला. वर हातही जोडले. टाळ्या पडल्या.

मांडवाबाहेर, दोरीपलीकडं माझा बा उभा होता. डोळे भरून आलेले. घरी जाताना म्हणाला, "आबांनी माईकवर नाव घेतलं रं तुजं." सरपंचाला सगळा गाव आबा म्हणतो.

ह्या आबाची थोरवी ऐका. दर दोन ऑक्टोबरला हा आमच्या वाड्यात झाडू मारायला यायचा. पांढरी टोपी, कोरा झाडू. फोटोवाला आला की दोन हात मारायचा. फोटोवाला वळला की झाडू टाकून घरी. घरी जाऊन आंघोळ. ह्याला तो समता म्हणायचा. कळंबपर्यंतच्या सभांतून भाषणं ठोकायचा समतेवर.

त्याच्याच शब्दावर मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागलो. पगार सुरू झाला. आमच्या घरावर कौलं आली. गावात कुणी जातीभेदावर तोंड उघडलं की आबा माझ्याकडं बोट करायचा. "त्या पोराला इचारा. भर मांडवात सत्कार केलाय त्याचा." मी त्याच्या खिशातला साक्षीदार झालो होतो. मला ते कळत होतं. मी गप्प होतो.

मग श्रावणात चुलता वारला.

आमच्या कर्जतकडचा पाऊस बघितलेल्याला सांगायला नको. दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. नदीकाठी सरकारी पैशातून बांधलेली पत्र्याची शेड आहे, प्रेतं जाळायला. उद्घाटनाला आबाच बोलला होता, ही सर्वांची आहे. आम्ही चुलत्याला घेऊन गेलो तर शेडमध्ये आबाच्या म्हशी बांधलेल्या. त्याचा गडी आडवा आला. "तुमची जागा खाली हाय. म्हशी सोडल्या तर भिजतील त्या."

म्हशी भिजतील!

आम्ही खाली उघड्यावर सरण रचलं. चौघांनी पत्रे डोक्यावर धरले. लाकडं ओली. रॉकेल ओतलं की भडकायचं, परत विझायचं. शेवटी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडनं जुने टायर आणले. माझा चुलता टायरांवर जळला. पूर्ण जळला का, ते मी लिहिणार नाही. वर म्हशी कोरड्यात रवंथ करत होत्या.

वाड्यातल्या पोरांनी तालुक्याला अर्ज केला. साहेब चौकशीला येणार म्हटल्यावर आबानं मला आणायला मोहोपाड्याला जीप पाठवली. ज्याला हातानं हार देववला नाही, त्याला जीप! गावात पोचलो तर शेड लख्ख. म्हशी गायब. शेण धुतलेलं. वर उदबत्ती लावली होती हरामखोरांनी.

साहेबानं छत्री मिटली. विचारलं, "इथं सगळ्या समाजांचे अंत्यविधी होतात ना?"

"ह्यालाच इचारा ना, साहेब," आबा म्हणाला. "आमचाच पोरगा हाय." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जन्मात पहिल्यांदा तो मला शिवला. गरज पडली की विटाळ कसा पळतो बघा. हात ओला होता. घामानं. आबा मला भ्याला होता. ज्याच्यापुढं माझ्या बानं आयुष्यभर मान वर केली नाही, तो माणूस माझ्या एका शब्दाला भ्याला होता.

मी तो हात धरला आणि खांद्यावरून खाली टाकला.

"नाही साहेब. इथं म्हशी असतात. आमची माणसं आम्ही तिथं खाली जाळतो. टायरांवर."

आबा हसला. "पोरगं तापट हाय. चुलता गेलाय ना त्याचा."

साहेबानं घड्याळ बघितलं. "समजुतीनं घ्या," म्हणाला आणि आबाकडं जेवायला गेला. चौकशी त्या पानावरच जिरली. आठवड्याच्या आत ठेकेदारानं मला कारखान्याच्या फाटकावरच अडवलं. "उद्यापासून येऊ नको." का, म्हणून विचारलं. "तुझ्या गावाला विचार."

लोक विचारतात, पस्तावलास का? पस्तावलो. नोकरीला नव्हे. ती गेली, बरं झालं, तिच्या जिवावर मी मुका झालो होतो. पस्तावलो त्या हाराला. तो टेबलावरच ठेवून मी खाली उतरलो असतो, तर मला "आमचा" म्हणायची आबाची छाती झाली नसती. वय लहान होतं, बा बघत होता, ही कारणं मला पाठ आहेत. दुसऱ्या कुणी दिली तर ऐकून घेईन. स्वतःची ऐकत नाही.

बा माझ्याशी धड बोलत नाही. कौलं गळतात, पैसा नाही. त्याला दमा आहे, पावसाळ्यात वाढतो. परवा खोकता खोकता म्हणाला, "माजं झालं की मला खालीच न्या. आबांना उगाच राग नको."

"मेल्यावरबी आबाच?"

"ह्या गावात ऱ्हायाचं हाय रं आपल्याला."

"म्हणूनच," मी म्हणालो. "जिता हायस तवर दोरीच्या पलीकडं उभा रहा, नायतर त्याच्या पाया पड. तुझं तू. पन मेल्यावर तू माझ्या खांद्यावर असशील. मी शेडमध्येच नेणार."

"अन् आबा आडवे आले तर?"

"तर तुला त्याच्या दारात ठेवीन. शेड खुली होईस्तोवर."

बानं भिंतीकडं तोंड फिरवलं. रागावला असेल. रागावू दे. वाड्यातल्या चौघांना मी सांगून ठेवलं आहे. पुढचं प्रेत कुणाचंही असो, बाचं असो की माझं, ते खालच्या वाटेनं जाणार नाही.